पहिला इसम, दुसरा इसम

ज्याच्या कृपेवाचून जिभेवर अक्षर उमटत नाही त्या श्रीगजाननास, वाग्देवतेस आणि आमच्या वाशीमचा पाठीराखा जो श्रीबालाजी त्यास प्रथम नमन. आज आषाढी पौर्णिमा. सकाळी गुरुजींच्या पादुकांना अभिषेक झाला, गंध लावले, तुळस वाहिली आणि नेहमीप्रमाणे थोडा वेळ हात जोडून बसलो. दरवर्षी या बैठकीत गुरुजींची एखादी गोष्ट आपणहून मनात वर येते. यंदा आला तो त्यांचा पडदा. त्या पडद्याने पुष्कळ वर्षांनी आमच्या न्यायपंचायतीत एका तरुणाचे भले केले. ती हकिकत लिहून ठेवावी, असे घरच्या मंडळींचे बरेच दिवसांचे म्हणणे होते. दिवस चांगला आहे, डोळे अजून साथ देतात, म्हणून आजच लिहितो.

वाशीमला गुरुजींच्या घरीच आमची पाठशाळा भरे. गुरुजींचा स्वतःचा मुलगाही आमच्याबरोबर शिकत होता. परीक्षेच्या दिवशी गुरुजी माजघरात बसत, आम्ही बाहेर सोप्यात, आणि मधल्या दाराला एक जुनी पासोडी पडद्यासारखी बांधलेली असे. एकेकाने पुढे होऊन पाठ म्हणायचा. म्हणून झाला की आतून एकच शब्द येई, ‘पुढे’ किंवा ‘पुन्हा’. ‘पुढे’ म्हणजे नवा अध्याय सुरू. ‘पुन्हा’ म्हणजे जुनाच घोकत बसायचे. एकदा गुरुजींच्या मुलाला लागोपाठच्या दोन परीक्षांत ‘पुन्हा’ मिळाले. त्या दिवशी गुरुजींच्या पानात मीठ वाढायचे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, विसरल्या आणि गुरुजी काही न बोलता जेवून उठले, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले.

आमच्यातल्या एका धीट विद्यार्थ्याने एकदा विचारले, “गुरुजी, आवाजावरून आपण आम्हांला ओळखतच असाल. मग पडद्याचा उपयोग काय?”

गुरुजी म्हणाले, “रोज ऐकतो, न ओळखायला काय झाले? ओळखायचे नाही, एवढी मला आठवण राहावी म्हणून तो पडदा आहे.”

तेव्हा आम्ही हसलो. अर्थ कळायला मला माझ्या वयाची चाळिशी यावी लागली.

सत्तरच्या दशकाच्या आरंभीची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. रिठदच्या वाटेवरच्या आमच्या गावी देवळाची पूजा माझ्याकडे होती, थोडी शेती होती, आणि संध्याकाळी चार मुलांना स्तोत्रे व शब्दरूपे शिकवीत असे. त्या काळी काही गावे मिळून एक न्यायपंचायत असे. प्रत्येक गाव आपला एक पंच निवडून देई. शिवीगाळ, बांधावरची हातघाई, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरे, किरकोळ चोरी, असले खटले तिच्यापुढे येत. तिथे वकील नसत, आणि कैद सांगण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. अपराध सिद्ध झाला की दोनच मार्ग होते. दंड करायचा, नाहीतर समज देऊन सोडायचे. ऐकायला फरक लहान वाटतो. परंतु ज्याला दंड झाला तो गुन्हेगार ठरे, आणि ज्याला समज मिळाली तो नुसता चुकलेला माणूस राही. तो फरक पुढे जन्मभर पुरे.

गावाने मला पंच केले आणि पंचांनी मला मुख्य केले. माझ्याशी कोणाचे बांधाचे भांडण नव्हते, एवढीच माझी योग्यता. माझ्या उजव्या हाताला मोठ्या शेतीचे एक वृद्ध पाटील बसत. वयाने ते आमच्यात थोर, बोलायला कडक, मनाने वाईट नव्हते. डाव्या हाताला शेजारच्या गावचे एक मुसलमान गृहस्थ असत. गाद्या भरून देण्याचा त्यांचा धंदा होता. अंगावर नेहमी कापसाचा एखादा पुंजका चिकटलेला असे, आणि सगळे त्यांना चाचा म्हणत. आणखी दोघे पंच होते, ते बहुधा पाटलांकडे पाहून मान हलवीत. गावोगावच्या बौद्ध वस्त्यांतला पंचांत एकही नव्हता. त्या वेळी हे कोणाला विशेष वाटले नाही.

ग्रामपंचायतीच्या खोलीत आमची बैठक भरे. आरोपी समोर उभा राहिला की पाटील पहिला प्रश्न विचारीत, “कोनाचा रे तू?” ही आमच्याकडची जुनी रीत होती. वाटेवर अनोळखी पोर भेटले तरी माणसे हेच विचारतात, आणि त्यात मायाही असते. उत्तर आले की नाती निघत. अमक्याचा भाचा, तमक्याचा नातू, याच्या चुलत्याच्या लग्नात आपण जेवलो होतो. एकदा तर या चौकशीत आरोपीसाठी चहा आला आणि फिर्यादी उन्हात उभाच राहिला. चाचा तेव्हा म्हणाले होते, “पाटील, थो बी कोनाचा तरी असंनच ना. त्याले बी कप द्या.” सगळे हसले, फिर्यादीला चहा मिळाला, आणि रीत तशीच चालू राहिली.

मग दुष्काळाचे वर्ष आले. माणसांना रेशनची लाल ज्वारी तरी मिळे, पण जनावरांचे हाल झाले. कडब्याच्या गंजीला माणसे रात्रंदिवस राखण ठेवू लागली. त्या उन्हाळ्यात एका मोठ्या घराण्यातल्या मुलाने मित्राशी पैज लावून दुसऱ्याच्या गंजीतून पेंढ्या ओढून नेल्या. घरी त्याच्या बैलांना पुरून उरेल इतका कडबा होता. पकडला गेला, आमच्यापुढे उभा राहिला, मान खाली घातली. “कोनाचा रे तू?” झाले. पाटील म्हणाले, चांगल्या घरचे पोर आहे, बाप घरी गेल्यावर सोडणार नाही, आपण कायले दंड करायचा? आम्हां सर्वांस ते पटले. वयाने थोर असलेल्या पंचाने समज द्यायची, अशी पद्धत होती. पाटलांनी खणखणीत समज दिली आणि मुलगा घरी गेला.

पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा खटला आला. या वेळचा तरुण बौद्ध वस्तीतला होता. बाप मजुरी करी, आई बांधावरचे गवत कापून आणून एक गाय सांभाळी. मुलगा शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून नेमणुकीची वाट पाहत होता. गाय गाभण होती आणि उपासाने बसली ती उठेना. सरकारी चारा त्या आठवड्यात आलाच नव्हता. दिवेलागणीला त्याने शेजारगावच्या एका शेतकऱ्याच्या गंजीतून पेंढ्या आणल्या. वाटभर सांडलेला पाला पाहत तो शेतकरी थेट त्यांच्या दाराशी पोहोचला. मुलाने नाकारले नाही. त्याने पुढे त्या शेतकऱ्याच्या विहिरीतला गाळ उपसून देऊन भरपाईही केली. शेतकऱ्याचा राग निवाला, पण तोवर तक्रार आमच्याकडे दाखल झाली होती.

बैठकीच्या दिवशी आई त्याच्याबरोबर आली. आत येण्याआधी तिने मला ओट्यावरच गाठले. पदर हातात धरून ती म्हणाली, “महाराज, त्याची मास्तरकीची ऑर्डर येऊन राह्यली. लेकराच्या नावाले डाग लागला तं थे वापस जाईन. दंड मले करा, मी उन्हात उभी राहीन, काय म्हनसान थे करीन. त्याले सोडा.” नेमणुकीपूर्वी वागणुकीची चौकशी होते, हे तिला कोणीतरी सांगितले होते, आणि ते खरे होते. माझ्या एकट्याच्या हाती काही नाही, पाच जण मिळून ठरवतात, असे मी तिला सांगितले. ती दारापाशी भिंतीला टेकून बसली.

मुलगा आत आला. पाटलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगा शांतपणे म्हणाला, “कोनाचा हावो थे मंग सांगतो जी. मीनं काय केलं थे पयले इचारा.”

चाचांनी खाली पाहून मिशीतल्या मिशीत हसू दाबले. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. पुढचे सारे त्या मुलाने आपणहून सांगितले. गाय बसली, चारा नव्हता, पेंढ्या आणल्या, चूक झाली. सांगताना मान मात्र वर होती.

त्याला बाहेर पाठवून आम्ही विचारास बसलो. पाटील लगेच म्हणाले की याला दंड झालाच पाहिजे, नाहीतर बाकीचे सोकावतील. चाचांनी विचारले, “पाटील, कडबा तोच, गंजी तशीच. बैलानं खाल्लं का गाईनं खाल्लं, जाते तं जनावराच्याच पोटात. मंग दंड काहून?”

“त्या पोराले पस्तावा होता,” पाटील म्हणाले. “मान खाली घालून उभा होता. ह्याची मान पाह्यली का?”

“मान वर केली म्हनून काय कडबा जास्त जाते?” चाचा म्हणाले.

पाटील चिडले नाहीत, माझ्याकडे वळले. शिकलेल्या माणसाचा अपराध अडाण्याहून मोठा, असे शास्त्रात आहे ना, असे त्यांनी मला विचारले. मी पेचात पडलो, कारण तो विचार शास्त्रात आहे आणि मी स्वतः तो मुलांना सांगत असे. जाणत्याने केलेला अपराध भारी, ज्याचा मान मोठा त्याचा दोषही मोठा. त्याच परंपरेत जन्म पाहून दंड कमीजास्त करणारी वचनेही आहेत. ती मी कोणापासून लपवीत नसे, आणि कधी उगाळीतही नसे. देवाने माणसाला निवडायची बुद्धी दिली आहे, ती अशाच जागी खर्च करायची असते, असे गुरुजी शिकवीत.

मी म्हणालो, “शास्त्रात आहे, पाटील. पण ज्याचे घर मोठे, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कथा-कीर्तन होते, तोही जाणताच. मग मागच्या महिन्यातल्या मुलाला काय करायला हवे होते?”

पाटील मग मनातले खरे बोलले. त्या मुलाचा कान धरणारे घर आपल्याला माहीत आहे, याच्या घराचे आपल्याला काय माहीत? पाटलांचे हे बोलणे खोटे नव्हते. त्या वस्तीत आमचे कोणाचे जाणेयेणे नव्हते. आपल्या ओळखीच्या कक्षेत जो येतो त्याच्या अपराधाला आपण चूक म्हणतो, आणि जो बाहेर राहतो त्याच्या चुकीला अपराध म्हणतो. मान खाली घालणेही पहिल्याला सोपे होते, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर होणार याची त्याला खात्री होती.

“कान धरणारी दाराशी बसली आहे,” मी म्हणालो. आणि त्याच वेळी दाराकडे पाहताना मला गुरुजींची पासोडी आठवली.

खोलीच्या दाराला उन्हासाठी तरटाचा पडदा होता, तो गुंडाळून वर बांधलेला असे. मी उठलो आणि दोरी सोडून तो खाली घेतला. पंचायतीचे कामकाज लिहिणाऱ्या सचिवांना सांगितले की दोन्ही खटल्यांतली कृती तेवढी वाचा. नाव नको, बापाचे नाव नको, गाव नको, वस्ती नको. सचिव सरकारी माणूस, त्यांनी सरकारी भाषेतच सुरुवात केली. एका इसमाने, घरी पुरेसा कडबा असताना, पैजेखातर दुसऱ्याच्या गंजीतून पेंढ्या नेल्या, पकडला गेल्यावर कबूल केले, भरपाई केली नाही. दुसऱ्या इसमाने, गाय उपाशी म्हणून, पेंढ्या नेल्या, कबूल केले, काम करून भरपाई केली.

पाटील मोठ्याने हसले. “महाराज, दोनी इसम आमाले ठाऊक हाये. गावच्या पोरासोरायले बी ठाऊक हाये. कायचा पडदा हा?”

“असू द्या ठाऊक,” मी म्हणालो. “विसरा असे मी म्हणत नाही. ते आत्ता मोजायचे नाही, एवढी आपल्याला आठवण राहावी म्हणून पडदा.” आणि मग मी त्यांना गुरुजींची परीक्षा सांगितली, मुलाला मिळालेले ‘पुन्हा’ सांगितले, आणि बिनमिठाचे जेवणही सांगितले.

बिनमिठाच्या जेवणापाशी पाटील विचारात पडले. त्यांनी कनवटीची चंची काढली, तंबाखूला चुना लावला आणि बराच वेळ नुसती मळत राहिले. इतर दोघे पंच त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. तरटाच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या, आणि पलीकडे त्या माउलीच्या बांगड्या मधूनच वाजत होत्या.

“मंग त्या दिवशी आपुन चुकलो म्हन्ता का?” पाटलांनी अखेर विचारले.

“नाही. त्या दिवशी दया केली, ती बरोबर होती. आज ती दाराशी अडवली, तर मात्र त्या दिवसाचीही चुकीची ठरेल.”

पाटलांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि सचिवांना म्हणाले, “लिवा. दुसऱ्या इसमाले बी समज.”

पडदा वर झाला. मुलगा आत आला, त्याच्यामागे आईही उंबऱ्यापर्यंत आली. समज देण्याचे काम पाटलांचेच होते. ते उभे राहिले, आणि पहिल्या मुलाला जी समज दिली होती तीच त्यांनी शब्दाला शब्द दिली. पुन्हा कोणाच्या गंजीला हात लावशील तर याद राख, आईबापाला मान खाली घालायला लावू नकोस, काही हवे असले तर मागायला ये, मागायची लाज वाटू देऊ नकोस. तोच आवाज, तीच जरब. मुलगा ऐकत होता. हे बोलणे आपल्यासाठी वेगळे केलेले नाही, हे त्याला कुठेतरी उमगले असावे, कारण मघाचा ताठपणा हळूहळू उतरला.

संपवून पाटील खाली बसले आणि सवयीने म्हणाले, “आता सांग, कोनाचा रे तू?”

मुलाने बापाचे नाव सांगितले, आजाचे सांगितले.

“ठाऊक हाये मले,” पाटील म्हणाले. “पन आज मंग इचारलं.”

चाचा हसले, मग आम्ही हसलो, आणि मुलाने प्रथमच मान खाली घातली, ती हसू लपवायला. आई उंबऱ्यावरूनच सगळ्यांना हात जोडून गेली.

गाय वाचली. पाऊस लागल्यावर ती व्याली आणि त्या माउलीने आमच्याकडे तांब्याभर चीक पाठवला. चीक देवाला चालत नाही, त्यामुळे तो देव्हाऱ्यात नेण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो आमच्या चुलीचा. त्या काळी देवळाच्या पुजाऱ्याच्या घरी त्या वस्तीतले काही येत नसे. घरात सोवळे कडक होते आणि ते माझ्याहून माझ्या पत्नीचे अधिक होते. तिने तांब्याकडे पाहून विचारले, “कोणाकडचा?”

मी म्हणालो, “आधी खरवस कर, मग सांगतो.”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली, आणि गूळ किसायला बसली. वेलदोडा घातलेला तो खरवस आम्ही सगळ्यांनी दुपारी खाल्ला. रिकामा तांब्या परत पाठवू नये म्हणून तिने त्यात तांदूळ घातले.

नेमणुकीचा हुकूम आला. मुलगा मंगरूळपीरच्या बाजूला एका शाळेवर रुजू झाला. आमच्या गावांत मात्र त्या बैठकीची गोष्ट सचिवांनी की चाचांनी, कोणी तरी पसरवली, आणि दोन्ही तरुणांना नवी नावे पडली. एक ‘पहिला इसम’ आणि दुसरा ‘दुसरा इसम’. बाजारात कोणी हाक मारी, “काय दुसरे इसम, सुट्टीवर का?” तो हसून हात वर करी. पहिल्या इसमाच्या लग्नाला दुसऱ्या इसमाला निमंत्रण होते आणि तो एस.टी.ने आमच्याकडच्या मालेगावला उतरून, तिथून कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला, असे चाचा सांगत. पंगतीत दोघे कुठे बसले, ते चाचांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्यानंतर आमच्याकडे तो प्रश्न शेवटी विचारण्याची रीत पडली. प्रत्येक निकाल निर्मळ झाला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पडदा खाली घेऊनही कधी एखाद्याचे घर डोळ्यांसमोर येईच. मग आमच्यातले कोणी तरी नुसते तरटाकडे बोट दाखवी. ते बहुधा पाटील असत. दोन-तीन वर्षांत न्यायपंचायती बंद झाल्या आणि खटले वाशीमच्या कोर्टात जाऊ लागले. खोलीत पुढे बालवाडी भरू लागली. तरटाचा पडदा मुलांनी लोंबकळून फाडला.

पुढे एकदा मंगरूळपीरला दर्ग्याच्या जत्रेच्या दिवसांत बस बदलण्यासाठी थांबलो असता गुरुजी झालेला तो तरुण भेटला. पांढरा सदरा, खिशाला पेन, बरोबर शाळेची मुले. त्याने त्यांच्या रीतीने अभिवादन केले, मी माझ्या रीतीने नमस्कार केला. चहाच्या टपरीवर बसलो. मुलांपैकी एक माझ्याकडे टक लावून पाहत होता. मी सहज त्याला म्हणालो, “कोणाचा रे तू?” आणि जीभ चावली.

मास्तर खळखळून हसला. “इचारा जी, इचारा,” तो म्हणाला, “आता काई हरकत नाई. थो माह्या वर्गात पास झाला हाये.”

मुलाने बापाचे नाव सांगितले. मी ते ऐकले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मास्तरने मागवलेला चहा प्यालो. बस आली.

गुरुजींच्या पादुकांवरची तुळस अजून ओली आहे. वाचकहो, आपल्या घरी अन्न, गोठ्यात चारा आणि मनात समता नांदो. आपल्या लेकरांना ज्यांच्यापुढे उभे राहावे लागेल, त्यांनी लेकरांचे काम आधी पाहावे आणि कूळ मागाहून विचारावे. आपल्यापुढे जे उभे राहतील त्यांच्याशी तसेच वागण्याची बुद्धी श्रीबालाजी आपल्या साऱ्या कुटुंबास देवो.